साउंड बॉक्सचं फर्मवेअर: ड्रायव्हरने काय हाती द्यावं आणि काय देऊ नये

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा. जळगाव एमआयडीसीतली लहान कंपनी. साउंड सर्व्हिसवाल्यांसाठी त्यांनी चार चॅनलचा यूएसबी ऑडिओ बॉक्स बनवला आहे. आत एसटीएम३२एफ४ (पुढे नुसतं 'एफ४') जातीची चिप, फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी एक एमबी, फर्मवेअर म्हणजे बॉक्स चालवणारा आतला प्रोग्राम साधारण २०० केबीचा. लिनक्ससाठी स्वतःचा ड्रायव्हर लिहिला आहे आणि फर्मवेअर बदलण्यासाठी त्यात तीन आयऑक्टल (वरच्या प्रोग्रामने ड्रायव्हरला द्यायच्या थेट आज्ञा) ठेवले आहेत: अमुक सेक्टर (फ्लॅशचा एकगठ्ठा मिटणारा तुकडा) मिटवा, अमुक पत्त्यावर एवढे बाइट लिहा, रीसेट करा. बाकी सगळं वरचं अ‍ॅप सांभाळतं. हे सुरक्षित आहे का, गाणं वाजत असताना अपडेट आलं तर काय करायचं, मध्येच लाईट गेली तर बॉक्स वाचेल का, आणि सर्व्हिसच्या माणसासाठी 'फोर्स' असा, तपासणी डावलून फाइल बसवण्याचा पर्याय ठेवावा का, एवढं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, आधी उत्तर, मग कारणं. ते तिन्ही आयऑक्टल काढून टाका. ड्रायव्हरने बाहेर एकच काम उघडं ठेवावं: 'ही पूर्ण फाइल घे, तपास, पटली तर बसव, नाही पटली तर का नाही ते सांग.' पत्ता, सेक्टर, मिटवणं, रीसेट यातलं काहीही अ‍ॅपच्या हाती जाता कामा नये. आणि फाइल खरी की खोटी याचा शेवटचा निकाल ड्रायव्हरनेही देऊ नये. तो बॉक्सच्या आतल्या बूटलोडरने (वीज येताच सगळ्यात आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) द्यावा, कारण बॉक्सची लाईट गेल्यावर ड्रायव्हर आणि लॅपटॉप यांच्या हाती काही उरत नाही. बूटलोडर तेवढा शिल्लक राहतो.

तुमचा बॉक्स कुठे चालणार आहे ते डोळ्यांसमोर आणा. पारोळा तालुक्यातलं एखादं गाव, हळदीची रात्र. वीज डीपीवरून आकडा न टाकता रीतसर घेतली असली तरी व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून जनरेटर तयार ठेवलेला. चेंजओव्हर खाली ओढला की अर्धा सेकंद सगळं बंद. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण तुमचा बॉक्स पॉवर्ड हबवर असेल तर तो त्या अर्ध्या सेकंदात मरतो. ऑपरेटर पोरगा वीस-बावीस वर्षांचा. त्याच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालू. अहिराणी गाण्याच्या मध्येच पडद्यावर खिडकी येते, 'नवीन अपडेट उपलब्ध', आणि खिडकी घालवायची म्हणून तो 'हो' दाबतो. या माणसाची काहीच चूक नाही. त्याला गाणं चालू ठेवायचं आहे. इंटरफेस आखताना हाच माणूस आणि हीच वेळ धरून चाला.

आता तुमच्या सध्याच्या रचनेत काय होईल ते बघा. अ‍ॅपने पहिला सेक्टर मिटवला, अर्धा लिहिला, आणि चेंजओव्हर पडला. जुनं फर्मवेअर गेलेलं, नवीन आलेलं नाही. अ‍ॅपने पत्ता चुकवला, म्हणजे एका शून्याची चूक झाली, तर बूटलोडरच मिटेल. तीच वाट वापरून दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला तुमच्या बॉक्समध्ये हवं ते लिहिता येईल. या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे: कच्चा फ्लॅश बाहेर दिला आहे.

ड्रायव्हरच्या कोडकडे वळण्याआधी एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो. स्वतःचा ड्रायव्हर हवाच आहे का? तुमचा बॉक्स यूएसबी ऑडिओ क्लास २ या ठरलेल्या मानकाप्रमाणे नीट वागत असेल तर लिनक्समध्ये एसएनडी-यूएसबी-ऑडिओ हा कर्नलमधलाच (लिनक्सच्या गाभ्यातलाच) ड्रायव्हर त्याला उचलतो, आणि विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून क्लास २ चा ड्रायव्हर सोबतच येतो. मग फर्मवेअरसाठी त्याच बॉक्सवर वेगळा डीएफयू (यूएसबीवरून फर्मवेअर बदलायची ठरलेली पद्धत) इंटरफेस दाखवायचा. ऑडिओचा ड्रायव्हर फक्त ऑडिओचे इंटरफेस धरतो, डीएफयूचा मोकळा राहतो, आणि अपडेटचं साधन यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलच्या बाहेरून, त्याच्याशी बोलू शकतं. डीएफयूची १.१ आवृत्ती २००४ सालची आहे. जुनी, साधी आणि पुष्कळ ठिकाणी तावून सुलाखून निघालेली. फर्मवेअर वाटपासाठी लिनक्सवर एफडब्ल्यूअपडी हा अपडेट बसवणारा प्रोग्राम आणि त्याला फाइली पुरवणारी एलव्हीएफएस ही सेवा आहेच. कर्नलमध्ये जेवढा कमी कोड, तेवढ्या कमी रात्री जागायच्या. तुमच्या जागी मी असतो तर याच वाटेने गेलो असतो.

मात्र डीएफयूची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. डीएफयू फाइलच्या शेवटी सोळा बाइटांची शेपूट असते. तिच्यात व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि सीआरसी (डेटा बिघडला का ते ओळखायचा ताळ्याचा आकडा) असतो. ही शेपूट संगणकावरचं साधन तपासतं आणि काढून ठेवतं. डिव्हाइसला ती पाठवलीच जात नाही. म्हणजे त्या सीआरसीच्या भरवशावर बॉक्सच्या आत कुठलीच तपासणी होत नाही. एसटीएम३२ च्या रॉममधला डीएफयू तर त्याहून मोकळा आहे. त्यात पत्ता देऊन मिटवता-लिहिता येतं, म्हणजे तुमच्या तीन आयऑक्टलांचंच ते दुसरं रूप. कारखान्यात पहिल्यांदा भरायला आणि मेलेला बॉक्स उठवायला तो ठीक. ग्राहकाच्या रोजच्या अपडेटला तो वापरू नका. स्वतःचा छोटा बूटलोडर लिहा किंवा एमसीयूबूटसारखा तयार घ्या.

समजा काही कारणाने ड्रायव्हर ठेवावाच लागला. तरी आयऑक्टल नव्याने रचू नका. लिनक्स ५.१९ पासून कर्नलमध्ये 'फर्मवेअर अपलोड' नावाची तयार सोय आहे. ड्रायव्हर नोंदणी करतो आणि पाच फंक्शनं देतो: तयारी, लिहिणं, पूर्ण झालं का ते पाहणं, रद्द करणं, आवराआवर. बाहेर सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपल्या गोष्टी जिथे फाइलींच्या रूपात दाखवतं तिथे, फाइली दिसतात. 'लोडिंग' मध्ये १ लिहायचा, 'डेटा' मध्ये पूर्ण फाइल ओतायची, 'लोडिंग' मध्ये ० लिहायचा. मग कर्नल स्वतःच्या वर्कक्यूवर (मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेवर) तुमच्या ड्रायव्हरला बोलावतं. 'स्टेटस' मध्ये अवस्था दिसते, आणि 'एरर' मध्ये कुठल्या टप्प्यावर काय बिनसलं ते कळतं: डिव्हाइस व्यस्त, फाइलचा आकार चुकीचा, वेळ संपली, हार्डवेअर दोष, फ्लॅश झिजला, वापरणाऱ्याने थांबवलं.

याचा मोठा फायदा पाहा. काम सुरू होण्याआधी पूर्ण फाइल कर्नलच्या मेमरीत आलेली असते. मध्येच अ‍ॅप कोसळलं, पोराने खिडकी बंद केली, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून केलेली जोडणी) तुटलं, तरी कर्नल स्वतःच्या प्रतीवरून काम पुरं करतं. तुमच्या रचनेत अ‍ॅप मेलं की बॉक्स अर्धवट राहतो.

आयऑक्टलच ठेवायचा असा हट्ट असेल तर निदान त्यातला सगळ्यात नेहमीचा खड्डा टाळा. अ‍ॅप एक स्ट्रक्चर पाठवतं, त्यात लांबी असते. ड्रायव्हर ती लांबी वाचतो, तपासतो, मग पूर्ण डेटा उचलताना तीच लांबी यूजर मेमरीतून पुन्हा वाचतो. या दोन वाचनांच्या मधल्या क्षणात अ‍ॅपचा दुसरा थ्रेड (समांतर चालणारा भाग) ती बदलू शकतो. तपासली चार हजार, उचलली चार लाख. म्हणून ते स्ट्रक्चर एकदाच कर्नलमध्ये उचला, पुढचं सगळं त्या प्रतीवर करा, आणि यूजरच्या मेमरीकडे परत पाहू नका. पत्ता अधिक लांबी अशी बेरीज ३२ बिटांत ओसंडते का तेही पाहा. 'बेरीज मर्यादेपेक्षा कमी आहे' ही तपासणी ओसंडलेली बेरीज सहज पास होते. त्यापेक्षा मर्यादेतून पत्ता वजा करून उरलेल्या जागेशी लांबी ताडून पाहा, अर्थात पत्ता मर्यादेच्या आत आहे हे आधी बघून. राखीव फील्ड शून्य नसतील तर विनंती फेटाळा, नाहीतर उद्या तुम्हाला ती वापरता येणार नाहीत. विंडोजवर ड्रायव्हर लिहिलात तर आयऑक्टल 'मेथड बफर्ड' प्रकारचा ठेवा. तिथे सिस्टीमच डेटाची प्रत करून देते. 'मेथड नायदर'च्या, म्हणजे प्रत न करणाऱ्या प्रकाराच्या, वाटेला जाऊ नका.

परवानगीचं सांगतो, कारण ऑडिओच्या बाबतीत हे वेगळं आहे आणि सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आजच्या लिनक्स डेस्कटॉपवर जो माणूस लॉगिन होऊन समोर बसला आहे त्याला साउंडच्या सगळ्या डिव्हाइस फाइली आपोआप उघडता येतात. तशी गरजच असते, नाहीतर गाणंच वाजणार नाही. पण एएलएसएचा (लिनक्सच्या साउंड यंत्रणेचा) हार्डवेअर-डिपेंडंट नोड, म्हणजे त्या हार्डवेअरपुरती खास डिव्हाइस फाइल, जिथे लोक हमखास फर्मवेअरचा आयऑक्टल बसवतात, तोही त्याच गठ्ठ्यात येतो. म्हणजे ज्या प्रोग्रामला आवाज काढायची मुभा आहे त्या प्रत्येकाला फर्मवेअर बदलायची मुभा मिळाली. म्हणून त्या नोडवर भिस्त ठेवू नका. ड्रायव्हरमध्ये अ‍ॅडमिन क्षमतेची स्पष्ट तपासणी हवी, किंवा सिसएफएसची वाट हवी, जिथे मुळात रूटलाच (लिनक्सच्या मुख्य खात्यालाच) लिहिता येतं. साध्या वापरणाऱ्याला एफडब्ल्यूअपडीसारखी सेवा मध्ये उभी राहून, पासवर्ड विचारून, वाट करून देईल. विंडोजवर आयऑक्टलच्या कोडमध्ये 'कुठलाही अ‍ॅक्सेस चालेल' असं न लिहिता लिहिण्याचा अ‍ॅक्सेस मागा आणि डिव्हाइसच्या सुरक्षा वर्णनात तो अ‍ॅडमिनलाच द्या.

आता वाजत्या गाण्याचा प्रश्न. इथे थोडा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

धोरण साधं ठेवा: एकही पीसीएम स्ट्रीम (आवाजाचा डेटा वाहणारा प्रवाह) उघडा असेल तर अपडेट सुरूच होणार नाही, 'व्यस्त' असं उत्तर मिळेल. गाणं जबरदस्तीने तोडायचा पर्याय देऊ नका. मात्र मोजताना कार्ड कोणी उघडलंय ते मोजू नका, स्ट्रीम मोजा. पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या सेवा आवाजाच्या पातळीसाठी कंट्रोलची फाइल कायम उघडी ठेवतात. ती धरली तर अपडेट कधीच सुरू होणार नाही. उलट स्ट्रीम वाजणं बंद झालं की ते काही सेकंदांत स्वतःहून सोडून देतात.

मग शर्यतीचा मुद्दा. ड्रायव्हरने पाहिलं, एकही स्ट्रीम उघडा नाही. पुढच्या ओळीत 'अपडेट चालू' असा झेंडा लावला. या दोन ओळींच्या मधे प्लेअरने स्ट्रीम उघडला तर? म्हणून पाहणं आणि झेंडा लावणं एकाच म्युटेक्सखाली (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाखाली) हवं, आणि स्ट्रीम उघडणाऱ्या फंक्शननेही तोच म्युटेक्स घेऊन झेंडा पाहून 'व्यस्त' परत करायला हवं. ही तपासणी ट्रिगरच्या, म्हणजे स्ट्रीम वाजणं सुरू-बंद करणाऱ्या, कॉलबॅकमध्ये टाकू नका. एएलएसएमध्ये ट्रिगर साधारणपणे अ‍ॅटॉमिक स्थितीत चालतो, तिथे झोपता, म्हणजे थांबून वाट पाहता, येत नाही, आणि म्युटेक्स घेणं म्हणजे झोपायची तयारी. उघडताना तपासलं की ट्रिगरपर्यंत प्रश्न येतच नाही.

अपडेट चालू असताना मिक्सरचे कंट्रोल काय करतील? वाचायला आलेल्याला शेवटची माहीत असलेली किंमत द्या, लिहायला आलेल्याला 'व्यस्त' सांगा. कुठल्याही परिस्थितीत फर्मवेअरच्या पॅकेटांमध्ये व्हॉल्यूमचं पॅकेट घुसू देऊ नका. लॅपटॉप झाकला तर सस्पेंड येईल. लिहिणं चालू असेपर्यंत यूएसबी ऑटोसस्पेंड रोखून धरा आणि यूजरस्पेसकडून सिस्टीमच्या झोपेवर प्रतिबंध लावून घ्या. केबल उपटली तर डिस्कनेक्टचा कॉलबॅक येईल आणि तुमचा वर्कक्यू कदाचित अजून फाइलच्या बफरमधून वाचत असेल. डिस्कनेक्टने आधी 'गेला' अशी खूण करावी, वर्कला थांबायला सांगावं, तो थांबेपर्यंत वाट पाहावी, मगच मेमरी सोडावी. हा क्रम उलटा केलेले ड्रायव्हर मी इतरांकडून दुरुस्तीला आलेले पुष्कळ पाहिले आहेत, आणि दर वेळी तक्रार एकच असते: 'कधीमधी लॅपटॉपच अडकतो.'

आवाजाच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट. तुमच्या बॉक्सच्या पुढे हजारो वॅटचे अ‍ॅम्प आणि बेसचे डबे असतात. रीसेट होताना आउटपुटवर छोटासा डीसीचा धक्का आला तरी पुढे तो धाडकन बाहेर पडतो. ट्विटरची कॉइल जाते, आणि समोर लहान मूल उभं असेल तर त्याच्या कानाचं काय? म्हणून आउटपुटवर म्यूट रिले किंवा म्यूट ट्रान्झिस्टर असा ठेवा की चिपला वीज नसताना किंवा चिप रीसेटमध्ये असताना तो आपोआप म्यूटच राहील. नव्या फर्मवेअरने घड्याळ आणि कोडेक (आकड्यांचा आवाज करणारी चिप) स्थिर झाल्यावरच म्यूट उघडावं. लिमिटरच्या आणि स्पीकर जपण्याच्या किमती फर्मवेअरमध्ये असतील तर त्यांच्या मर्यादा बूटलोडरसोबतच्या जागेत ठेवा, नव्या फाइलला त्या ओलांडता येणार नाहीत अशा. सिरियल नंबर आणि कारखान्यातलं कॅलिब्रेशन यांचीही जागा वेगळी. अपडेटची फाइल तिथवर पोहोचताच कामा नये.

लाईट गेली तर बॉक्स वाचेल का, याचं उत्तर पूर्णपणे बॉक्सच्या आत आहे. एक एमबी फ्लॅश आणि २०० केबी फर्मवेअर म्हणजे दोन खण सहज बसतात. चालू फर्मवेअर एका खणात, नवीन दुसऱ्यात लिहायचं. पूर्ण लिहून झालं, परत वाचून तपासलं, फाइल तुमचीच असल्याची डिजिटल सही जुळली, आणि त्यानंतरच एक छोटीशी खूण लिहायची: 'पुढच्या वेळी दुसरा खण चालवून पाहा.' लाईट खुणेच्या आधी कुठेही गेली तर जुनं फर्मवेअर जसंच्या तसं उभं आहे. बूटलोडरचा सेक्टर ऑप्शन बाइटांनी (चिपच्या आतल्या सेटिंगांनी) लिहिण्यापासून बंद करून टाका.

'चालवून पाहा' हे शब्द मुद्दाम वापरले. नवीन फर्मवेअर पहिल्यांदा सुरू होतं ते उमेदवारीवर. बूटलोडर वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) चालू करून नव्या फर्मवेअरच्या हाती सूत्रं देतो. यूएसबी जुळली, ऑडिओचं घड्याळ आलं, संगणकाशी बोलणं झालं, तर फर्मवेअर स्वतः 'पक्कं' ही दुसरी खूण लिहितं. नाही झालं, अडकलं, वॉचडॉगने रीसेट केलं, तर बूटलोडर 'पक्कं' ची खूण नाही हे पाहून जुन्या खणाकडे परततो. एमसीयूबूट याच तत्त्वावर चालतो. फ्लॅशमध्ये १ चा ० मिटवल्याशिवाय करता येतो, म्हणून एफ४ वर एकाच शब्दातले बिट एकेक करून पाडत खुणा करता येतात. पण उद्या एच७, जी४ किंवा एल४ या एसटीएम३२ च्याच दुसऱ्या चिपांवर गेलात तर सांभाळा: तिथे फ्लॅशला ईसीसी (चूक पकडणारे जादा बिट) असतो, एकदा लिहिलेला शब्द पुन्हा लिहिला की ईसीसी जुळत नाही. तिथे प्रत्येक खुणेला वेगळा शब्द द्या.

एफ४ ची एक खोड ठाऊक असलेली बरी. १२८ केबीचा सेक्टर मिटवायला एक ते दोन सेकंद लागतात, आणि त्या वेळात त्याच फ्लॅशमधून चालणारा प्रोग्राम थिजतो. चिप यूएसबीला उत्तर देत नाही. लिनक्समध्ये यूएसबी कंट्रोल ट्रान्सफरची नेहमीची मुदत पाच सेकंदांची. एकाच आज्ञेत तीन-चार सेक्टर मिटवले तर मुदत उलटते, ड्रायव्हरला वाटतं बॉक्स मेला, आणि अ‍ॅप घाबरून पुन्हा सुरुवात करतं. म्हणून एका वेळी एक सेक्टर मिटवा आणि त्या वेळेपुरता यूएसबीचा कोड रॅममधून चालवा. डीएफयूमध्ये 'इतके मिलिसेकंद थांब' असं सांगायची सोय आहे, ती वापरा. उलट बाजूने ड्रायव्हरने त्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये: तो २४ बिटांचा आहे, बिघडलेला बॉक्स चार तास थांबायला सांगू शकतो. वरची मर्यादा तुम्ही ठरवा.

व्होल्टेजचंही पाहा. लाईट पूर्ण गेली तर एक वेळ बरं. अर्धवट खाली आलेलं व्होल्टेज जास्त घात करतं. लांब स्वस्त केबल, हबवर चार वस्तू, आणि चिपला पोहोचणारं व्होल्टेज मर्यादेखाली आलं. अशा वेळी फ्लॅशमधला बिट अर्धवट पडू शकतो. आज वाचताना बरोबर वाटतो, मे महिन्यात भुसावळच्या उन्हात, पारा ४५ च्या वर असताना, टेम्पोत ठेवलेल्या बॉक्समध्ये तो फिरतो. म्हणून प्रत्येक सेक्टर मिटवण्याआधी बॉक्सने स्वतः व्होल्टेज मोजावं आणि कमी असेल तर नकार द्यावा. ब्राउनआउट रीसेटची (व्होल्टेज खाली आलं की चिप थांबवणाऱ्या सोयीची) पातळी वरची निवडा.

आता सही. आपल्याकडे फाइल कशी फिरते ते तुम्हीही जाणता. चोपड्याच्या ऑपरेटरला अपडेट मिळालं, त्याने ते व्हॉट्सअ‍ॅपवर शहाद्याच्या मित्राला पाठवलं, त्याने सारंगखेड्याच्या यात्रेत साउंड लावणाऱ्या भावाला. तिसऱ्याकडे बॉक्स तुमचाच, पण जुन्या बोर्डाचा. हे थांबवता येणार नाही आणि थांबवायची गरजही नाही. फाइलच्या हेडरमध्ये बोर्डाची ओळख, आवृत्ती, लांबी असू द्या आणि हेडरसकट पूर्ण फाइलवर डिजिटल सही करा. एड२५५१९ या पद्धतीची सही ६४ बाइटांची, तपासायची सार्वजनिक किल्ली ३२ बाइटांची. एफ४ ला हे अजिबात जड नाही. सीआरसी फक्त अपघाताने बिघडलेला बिट पकडतो. मुद्दाम बदललेल्या फाइलचा सीआरसी बदलणाराच नव्याने काढून बसवतो.

'आमच्या गाण्याच्या डब्यात कोण कशाला घुसेल' असं वाटत असेल तर २०१४ सालचं बॅडयूएसबी आठवा. कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी ब्लॅक हॅट परिषदेत दाखवलं होतं की सहीविना फर्मवेअर स्वीकारणारा साधा पेनड्राइव्ह कीबोर्ड असल्याचं भासवून संगणकात हव्या त्या आज्ञा टाइप करू शकतो. तुमच्या बॉक्सला तर माइकही जोडलेला असतो. तो उद्या पतसंस्थेच्या सभेत, परवा कुणाच्या बैठकीत लागणार आहे.

सही करायची खाजगी किल्ली कंपनीच्या सगळ्यांच्या वापरातल्या पीसीवर ठेवू नका. नेटला न जोडलेल्या वेगळ्या मशीनवर ठेवा, एक प्रत कुलपात. बूटलोडरमध्ये दोन सार्वजनिक किल्ल्या घाला, म्हणजे एक हरवली तरी विकलेल्या बॉक्सचा मार्ग बंद होणार नाही. जुन्या आवृत्तीवर परतायला सरसकट मनाई करू नका. उद्या सकाळी लग्न आहे आणि नव्या आवृत्तीत तिसरा चॅनल खरखरतो, तर माणसाला मागे जाता आलं पाहिजे. त्यासाठी आवृत्तीचा नंबर आणि सुरक्षेचा आकडा वेगळे ठेवा. सुरक्षेचं भोक बुजवलं तेव्हाच दुसरा आकडा वाढवायचा, आणि बूटलोडरने फक्त त्याच्या खाली जायला नकार द्यायचा.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये सीएफयू नावाची फर्मवेअर अपडेटची जी पद्धत खुली केली तिच्यातली एक कल्पना उचलण्यासारखी आहे. आधी फक्त 'प्रस्ताव' पाठवायचा: ही आवृत्ती, हा बोर्ड. डिव्हाइस 'हो', 'नको' किंवा 'आत्ता नको, कामात आहे' असं सांगतो, आणि 'हो' म्हटल्यावरच मजकूर जातो. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये ही पायरी घातलीत तर चुकीच्या बोर्डाची फाइल एक सेक्टरही मिटवण्याआधी परत फिरेल. हेडर एवढंच पुढे गेल्याने सही तपासायची राहते, ती पूर्ण फाइल आल्यावर होतेच.

ऑपरेटरला दिसणारा मजकूरही इंटरफेसचाच भाग आहे, तो शेवटच्या दिवसावर ढकलू नका. टक्केवारी बॉक्सने पोच दिलेल्या बाइटांवरून दाखवा. ९९ वर दोन मिनिटं अडकलेली पट्टी पाहूनच माणूस केबल ओढतो. नकार आला तर कारण मराठीत, करण्यासारखं: 'गाणं चालू आहे. प्लेअर बंद करून पुन्हा करा.' 'ही फाइल दुसऱ्या मॉडेलची आहे. बॉक्समध्ये काही बदललेलं नाही.' 'वीज कमी पडते आहे. बॉक्स थेट लॅपटॉपला जोडा.' यातलं 'काही बदललेलं नाही' हे वाक्य, खरं असेल तेव्हा, जरूर लिहा. रात्री अकराला त्या पोराला नेमकं तेवढंच हवं असतं.

तपासणीचं एक यंत्र आठवड्याच्या आत बनवा. पोर्टची वीज सॉफ्टवेअरने बंद करता येईल असा हब, किंवा रिले आणि एखादा आर्डुइनो. अपडेट सुरू करायचं, कुठल्याही यादृच्छिक क्षणी वीज तोडायची, परत द्यायची, आणि बॉक्स संगणकाला दिसतो का, आवाज काढतो का, कुठल्या आवृत्तीवर आहे ते नोंदवायचं. हे रात्रभर चालू द्या. एफ४ च्या फ्लॅशची हमी दहा हजार वेळा मिटवण्याची आहे, तेव्हा या कामाचे बॉक्स वेगळे ठेवा आणि विकू नका. वीज तोडायचे क्षण खुणा लिहिण्याच्या आसपास मुद्दाम दाट ठेवा, कारण चूक असली तर बहुधा तिथेच सापडते. कर्नलचा ड्रायव्हर असेल तर केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) आणि लॉकडेप (म्युटेक्ससारख्या कुलपांच्या चुका पकडणारी सोय) चालू असलेल्या कर्नलवर, स्ट्रीम उघड-बंद करत आणि केबल उपटत हीच कसरत करा. आणि एक फेरी उन्हाळ्यात, गच्चीवर पत्र्याच्या खोक्यात बॉक्स ठेवून.

राहिला 'फोर्स'. ड्रायव्हरमध्ये तो ठेवू नका, अगदी लपवूनसुद्धा नाही. सर्व्हिसच्या माणसाला दिलेला पर्याय महिन्याभरात व्हिडिओतून सगळ्यांना कळतो, आणि मग 'सही जुळत नाही' दिसलं की लोक थेट फोर्सच दाबतात. सर्व्हिससाठी वेगळी वाट द्या: डब्याचे स्क्रू काढल्यावरच हाती येणारा बूट पिनचा जम्पर आणि डीबगची पिनपट्टी. चिपची वाचन-संरक्षण पातळी १ ठेवली तर त्या वाटेने आत जाणाऱ्याला आधी पूर्ण फ्लॅश मिटवावा लागतो. म्हणून सर्व्हिस सेंटरच्या संगणकावर बूटलोडरसकट पूर्ण प्रतिमा हवी, आणि सिरियल नंबरवरून त्या बॉक्सचं कॅलिब्रेशन शोधून परत भरायची सोय हवी. तुमच्याकडे ती नोंद आज नसेल तर पहिला माल बाहेर पडायच्या आधी ती सुरू करा. नंतर विकलेल्या बॉक्सचं कॅलिब्रेशन मिळवायचं तर प्रत्येक बॉक्स परत मागवून मोजावा लागेल.